धुरापासून विजेपर्यंत : एका चिमुकल्या ट्रकचे रूपांतर

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनात पाण्याच्या एका हौदात एक लहानशी होडी तरंगत होती. हौदाकाठी उभे असलेले निकोला टेस्ला हातातील पेटीची मूठ फिरवीत आणि होडी वळे, थांबे, दिवे लावी. पेटी व होडी यांना जोडणारी तार कोठेही नव्हती. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टेस्लांना या युक्तीचे अमेरिकन एकस्व मिळाले. बिनतारी आज्ञा पाळणाऱ्या वाहनांचे कूळ या होडीपासून सुरू होते असे मानण्यास हरकत नाही. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की, ती होडी पोटातील विद्युत्-घटांवर चालत होती. कुळाचा मूळपुरुष विजेवर चालणारा होता. धूर या घराण्यात मागाहून आला.

आजचा विषय आहे त्या होडीचा एक दूरचा वंशज : अमेरिकेत मोठ्या हौसेने चालविला जाणारा, मूळ वाहनाच्या सुमारे एकदशांश आकाराचा, जाड रबरी चाकांचा ट्रक. १९९९ साली टेक्सासमधील ट्रॅक्सस कंपनीने ‘टी-मॅक्स’ नावाचा असा ट्रक बाजारात आणला आणि या वर्गाची वाहने घरोघरच्या अंगणांत पोचली. त्याच्या पोटात अडीच घन सेंटिमीटरांच्या आसपास धारणेचे, बोटभर उंचीचे खरेखुरे अंतर्ज्वलन इंजिन होते. असा ट्रक काही वर्षे धावतो, मग त्याचे इंजिन थकते. सांगाडा मजबूत असतो, चाके, धक्काशोषक, दंतचक्रे सारी धड असतात. केवळ हृदय निकामी झालेले असते. मालकापुढे प्रश्न उभा राहतो. ट्रक फेकून द्यावा, नवे इंजिन आणावे, की त्याच देहात विजेचे हृदय बसवावे? तिसरा मार्ग पत्करणाऱ्यास काय करावे लागते, काय मिळते आणि काय गमवावे लागते, हे आज पाहावयाचे आहे. विषय खेळण्याचा आहे. परंतु रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला आज जो प्रश्न विचारला जात आहे, तोच येथे तळहातावर मावेल एवढ्या आकारात समोर येतो.

प्रथम जुन्या इंजिनाची ओळख करून घेतली पाहिजे. हे इंजिन दोन धावांचे असते आणि त्याचे इंधन पेट्रोल नसते. मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे ते मिश्रण होय. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजन आधीच दडलेला असतो, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य. एक भाग पेट्रोल जाळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; मेथॅनॉलला ६.५ भाग, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ भाग पुरते. सिलिंडरात प्रत्येक खेपेस मावणारी हवा ठराविकच असते. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता आले की जास्त शक्ती मिळते. नायट्रोमिथेन शेर-दोन शेर अधिक उष्णता देते असे नव्हे; वजनाला वजन लावले तर ते पेट्रोलच्या चौथाईइतकीच उष्णता देते. मात्र एका श्वासात ते कितीतरी अधिक प्रमाणात जळू शकते.

या इंजिनाला ठिणगीचा प्लगही नसतो. त्याच्या जागी प्लॅटिनमयुक्त तारेचे एक वेटोळे असते. सुरुवातीस दीड व्होल्टच्या घटाने ते तापवून लाल करावयाचे. इंजिन सुरू झाले की घट काढून घ्यावयाचा. पुढे मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात येऊन जी रासायनिक क्रिया होते, तिच्या उष्णतेने व ज्वलनाच्या आचेने वेटोळे स्वतःच धगधगत राहते. रे आर्डेन या अमेरिकन कारागिराने १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांच्या डोक्यावरील ठिणगीयंत्रणेचे ओझे उतरले.

मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेणारे हे यंत्र कौतुकास्पद खरे. पण त्याची मिजास मोठी असते. हवेतील उष्मा किंवा दमटपणा बदलला की कार्ब्युरेटरची सुई पाव फेरा इकडे-तिकडे करावी लागते. मिश्रण पातळ झाले तर इंजिन तापून दट्ट्या झिजतो. दाट झाले तर ते गुदमरून बंद पडते. इंधनातील तेल वंगणाचे काम करून धुरावाटे बाहेर पडते आणि साऱ्या सांगाड्यावर चिकट थर चढवते. दट्ट्या व त्याभोवतीची नळी यांमध्ये कडी नसते. दोहोंच्या अचूक बसण्यावरच दाब टिकतो. ती जोडी झिजली की कितीही दोरी ओढली तरी इंजिन पेट घेत नाही. येथवर पोचलेला ट्रकच सहसा रूपांतराच्या टेबलावर येतो.

श्रोतेहो, विजेची मोटर तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही होती. मग हे रूपांतर अलीकडेच का शक्य झाले? याचे उत्तर तीन शोधांत आहे.

पहिला शोध मोटरीचा. जुन्या मोटरीत फिरणाऱ्या भागावर तारांची वेटोळी असत आणि त्यांना वीज पोचविण्यासाठी कार्बनचे ‘ब्रश’ तांब्याच्या दिक्परिवर्तकावर घासत राहत. घासण्याने उष्णता होई, ठिणग्या उडत, ब्रश झिजत. १९६२ साली विल्सन व ट्रिकी या अमेरिकन अभियंत्यांनी ब्रशांचे काम अर्धवाहकांकडून करवून घेणाऱ्या मोटरीचे वर्णन प्रसिद्ध केले. या बिनब्रश मोटरीत रचना उलटी असते : चुंबक फिरतो आणि वेटोळी स्थिर राहतात. धारव्यांखेरीज काहीही एकमेकांवर घासत नाही. वेटोळी बाहेरच्या कवचाला चिकटून असल्याने त्यांची उष्णताही सहज बाहेर पडते.

दुसरा शोध चुंबकाचा. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा अतिशय प्रबळ चुंबक १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात जपानमधील सुमितोमो आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. अंगठ्याएवढ्या घूर्णकात दांडगी ताकद आली ती यामुळे.

तिसरा शोध घटाचा. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट प्रथम बाजारात आणला. या घटाचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीचा, लवचिक वेष्टनातील ‘लिथियम पॉलिमर’ घट एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हौशी लोकांच्या हाती आला. शिसे किंवा निकेलच्या घटाचे वजन ज्या ट्रकाला पेलवले नसते, त्याला हा घट पेलवतो.

या तिहींना एकत्र बांधणारा चौथा घटक म्हणजे वेगनियंत्रक. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या या डबीत तीन जोड्यांनी मांडलेले सहा विद्युत्-दरवाजे असतात. मोटरीच्या तीन तारांत कोणत्या क्षणी कोठून प्रवाह सोडावयाचा हे तेच ठरवितात. चार ध्रुवांचा घूर्णक मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५०० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात विद्युत्-चक्र दोनदा पुरे होते आणि प्रत्येक चक्रात सहा पालट होतात. म्हणजे डबीतील दरवाजे सेकंदाला ६,००० वेळा पालटतात. घूर्णक नेमका कोठे आहे हे नियंत्रकाला कसे कळते? तिन्हींपैकी जी तार त्या क्षणी रिकामी असते, तिच्यात फिरत्या चुंबकामुळे उलटा विद्युत्-दाब उपजतो. नियंत्रक तो वाचतो. अर्थात मोटर थांबलेली असताना हा दाब नसतो. म्हणूनच संवेदक नसलेली मोटर सुरू होताना कधी कधी क्षणभर अडखळते. तो दोष नसून स्वभाव आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू या. पहिले काम मोडण्याचे नसून धुण्याचे असते. वर्षानुवर्षांचे तेल व धूळ स्पिरिटाने व ब्रशाने काढून सांगाडा कोरडा करावयाचा. चिकट सांगाड्यावर तारा बसत नाहीत, डिंकपट्टी धरत नाही, आणि तेलाखाली लपलेली चीरही दिसत नाही. त्यानंतर इंजिन, इंधनाची टाकी, धुराड्याची नळी, हवागाळणी आणि कार्ब्युरेटर उघडझाक करणारी सर्व्हो-मोटर उतरवावयाची. चाके वळविणारी सर्व्हो मात्र जागीच राहते. केंद्रोत्सारी क्लच निघतो. कारण इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडता येत नाही, मोटर जोडता येते. मागे जाण्यासाठी असलेली दंतचक्रांची योजना अनावश्यक ठरते, कारण मोटर स्वतःच उलटी फिरते. दोन गतींचा गिअरही एकाच गतीवर कायम केला तरी चालते. यांत्रिक ब्रेकचेही काम उरत नाही. मोटर जनित्र बनून चाकांचा वेग रोखते. अशा रीतीने जवळजवळ अर्धा ट्रक टेबलावर काढून ठेवला जातो. पुष्कळ यंत्रभाग केवळ इंजिनाच्या उणिवा झाकण्यासाठीच होते, ही गोष्ट तो ढीग पाहिल्यावर प्रथमच उमगते.

मोटर बसविण्यासाठी जुन्या इंजिनाच्याच छिद्रांचा आधार घेऊन ॲल्युमिनियमची बैठक तयार करतात. छिद्रे पाडताना लोखंडाचा कीस उडाला तर तो मोटरीचा चुंबक ओढून घेतो. म्हणून सर्व कापाकापी मोटर दूर ठेवून उरकावी. मोटरीवरील लहान दंतचक्र व सांगाड्यातील मोठे दंतचक्र यांचे दाते एकाच मापाचे असले पाहिजेत, आणि त्यांची बैठक ना घट्ट ना सैल हवी. यासाठी जुना कारागिरी उपाय आजही उत्तम आहे : दोन्ही चक्रांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून ती दाबून बसवावयाची, स्क्रू आवळावयाचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यावयाची. कागदाएवढी फट उरली की काम झाले. मोटर घट्ट धरणारे स्क्रू धातूत जात असतील तर त्यांना थरथरीने न सुटणारा चिकट द्रव लावणे विसरू नये.

मोटर किती गतीची घ्यावी? तिच्या अंगावर ‘प्रतिव्होल्ट फेरे’ हा आकडा दिलेला असतो. तो २,२०० आहे आणि चार घटांचा, म्हणजे १४.८ व्होल्टचा संच आहे असे धरू. गुणाकार ३२,५६० येतो. जुन्या इंजिनाच्या गतीशी हा आकडा जुळतो, ही सोयीची गोष्ट. मोटरीचे सोळा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो असे मानल्यास चाक मिनिटाला २,०३५ फेरे घेईल. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर म्हणजे परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर. यावरून वेग ताशी साधारण ५७ किलोमीटर निघतो. हा कागदावरचा वेग झाला. भार पडला की विद्युत्-दाब उतरतो आणि फेरे घटतात. तरीही असे गणित आधी मांडून लहान दंतचक्राचे दाते निवडणारा मनुष्य मोटर जाळीत नाही. केवळ मोठ्यात मोठे चक्र बसवून वेग मागणारा जाळतो. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची शक्ती सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत दर दोन-तीन मिनिटांनी थांबून मोटरीचे तापमान पाहावे.

दुसरे गणित अधिक उद्बोधक आहे. जुनी टाकी १२५ घन सेंटिमीटरांची आणि इंधनात पाचवा हिस्सा नायट्रोमिथेन, आठवा हिस्सा तेल व बाकीचे मेथॅनॉल असेल, तर त्या टाकीत सुमारे सोळा-सतरा लाख ज्यूल ऊर्जा सामावते. १४.८ व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर-तास धारणेच्या घटसंचात ७४ वॉट-तास, म्हणजे २ लाख ६६ हजार ज्यूल. टाकीत घटाच्या सहापट ऊर्जा! तरी टाकी पाव तासाच्या आसपास रिकामी होते आणि जपून वापरलेला घटही जवळजवळ तेवढाच वेळ पुरतो. उरलेले पाच भाग गेले कोठे? काही सिलिंडरच्या पंखांवाटे उष्णता होऊन, काही घर्षणात, आणि काही इंधन तर न जळताच धुराड्यातून बाहेर पडले. बिनब्रश मोटर मिळालेल्या विजेचा फार मोठा भाग चाकापर्यंत पोचविते. मोठ्या वाहनांविषयी जी चर्चा चालते तिचे सार या एका तुलनेत आले आहे : इंधन श्रीमंत पण उधळे, घट गरीब पण काटकसरी.

घटसंच सांगाड्याच्या मध्यरेषेजवळ, शक्यतो दोन्ही बाजूंस समान वजन येईल असा आणि खाली बसवावा. सांगाडा धातूचा असल्याने त्याच्या धारेवरून जाणारी प्रत्येक तार रबरी नळीत गुंडाळावी. आवरण कापले गेले तर सारा घट क्षणात मोकळा होऊ शकतो. प्रवाह शंभर ॲम्पिअरपर्यंत चढू शकतो, म्हणून तारा जाड हव्यात आणि डाख तारेच्या आतपर्यंत मुरलेला हवा, वरवर थापलेला नको. धन व ऋण टोके एकदाही उलटी जोडली गेली तर नियंत्रक गेलाच म्हणून समजावे. मोटरीच्या तीन तारांचे मात्र तसे नाही. ट्रक उलटा धावला, तर त्यांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल करावी, दिशा सुधारते.

पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून ठोकळ्यावर ठेवूनच घ्यावी. आधी हातातील प्रक्षेपक सुरू करावा, मग ट्रक. बंद करताना क्रम उलटा. वेगाची पूर्ण, मध्य व ब्रेक ही तीन स्थाने नियंत्रकाला शिकवावी लागतात. त्याचबरोबर, संदेश तुटल्यास मोटर थांबते की नाही हे प्रक्षेपक बंद करून एकदा पाहून घ्यावे. इंजिनाच्या ट्रकात ग्राहकाचे छोटे घट उतरले तर कार्ब्युरेटर उघडाच राहून ट्रक बेभान सुटे. काही किलो वजनाचे वाहन ताशी पन्नास किलोमीटर वेगाने सुटले तर ते खेळणे राहत नाही. समोर उभ्या असलेल्या मुलाचा पाय ते मोडू शकते.

मैदानात उतरल्यावर जो पहिला धडा मिळतो तो बहुधा मोडतोडीचा असतो. इंजिन हळूहळू जोर धरते आणि क्लच घसरत घसरत तो जोर चाकांना देतो. मोटर स्थिर अवस्थेतच आपला पूर्ण जोर लावते. जी दंतचक्रे व दांडे इंजिनापाशी वर्षानुवर्षे टिकले, ते विजेच्या पहिल्या झटक्यात पिळवटतात. यावर उपाय दोन : घसरक क्लचचा ताण योग्य ठेवणे आणि नियंत्रकातील आरंभीचा झटका सौम्य करणे. पोलादी दंतचक्रे बसविली तर ती टिकतात, पण मग झटका पुढच्या नाजूक भागावर जातो. साखळीतील सर्वांत दुबळी कडी कोठे असावी हे ठरविणे, हाच खरा अभियंत्याचा निर्णय होय.

श्रोतेहो, धूर गेला म्हणजे धोका गेला असे कोणी समजू नये. मेथॅनॉल विषारी असते, ते त्वचेतूनही शरीरात शिरते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हे भय संपले. त्याच्या जागी दुसरे आले. लिथियम घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो त्यापुढे चढवू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. संचातील सर्व घट समतोल भरणारे यंत्रच वापरावे, घट न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवून भरावा, आणि भरत असताना घर सोडून जाऊ नये. फुगलेला वा ठेचलेला घट पुन्हा कधीही वापरू नये. अशा घटाने पेट घेतला तर आग अतिशय वेगाने भडकते. महिनाभर वापर नसेल तर घट पूर्ण भरून न ठेवता ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवणे हिताचे असते. इंजिनाची चूक बहुधा इंजिनालाच भोवे. घटाची चूक घराला भोवू शकते.

गमावलेल्या गोष्टींचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. टाकी अर्ध्या मिनिटात भरे. ५ ॲम्पिअर-तासांचा घट ५ ॲम्पिअरने भरावयास तास लागतो. इंजिनाचा आवाज ऐकून सुई फिरविण्याची जी कानाची विद्या होती, ती निरुपयोगी होते, आणि ज्यांनी ती कष्टाने मिळविली त्यांना याचे दुःख होणे स्वाभाविक आहे. वीजही आकाशातून पडत नाही. ती कोळशातून आली असेल तर धूर केवळ अंगणातून हलून दूरच्या धुराड्यात गेला. लिथियम व कोबाल्ट यांच्या खाणींची किंमतही कोणीतरी मोजत असतोच. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते : जो सांगाडा कचऱ्यात जाणार होता, तो वाचला.

याच न्यायाने भारतात पेट्रोल-डिझेलच्या जुन्या वाहनांत विजेचा संच बसविण्यास नियमांनी वाट दिली आहे. मात्र तो संच मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही अशा संस्थांपैकी एक. तेथील परीक्षकांपुढचे प्रश्न या चिमुकल्या ट्रकच्या टेबलावरील प्रश्नांहून जातीने वेगळे नाहीत. मोटरीचा जोर जुन्या दांड्यांना पेलेल काय? वजन कोठे पडेल? तार कोठे घासेल? संदेश तुटल्यास वाहन थांबेल काय?

शेवटी एका लोहाराचे स्मरण उचित ठरेल. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील थॉमस डेव्हनपोर्ट याने भट्टीचे काम सांभाळून विजेची मोटर घडविली आणि तिच्या जोरावर एक लहानशी गाडी वर्तुळाकार रुळांवर फिरवून दाखविली. २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्याला मोटरीचे एकस्वही मिळाले. परंतु त्याच्या काळचे घट महाग व दुर्बळ होते. धंदा बुडाला आणि १८५१ साली तो निवर्तला. त्याची मोटर चुकीची नव्हती, तिला साजेसा घट तेव्हा जन्मला नव्हता. आज एखादा विद्यार्थी घरच्या टेबलावर जुन्या ट्रकमधून थकलेले इंजिन काढतो, कागदाची पट्टी घालून दाते जुळवतो, ठोकळ्यावर चाके फिरताना पाहतो, तेव्हा त्या लोहाराचे अपुरे राहिलेले कामच तो पुढे नेत असतो. त्याने ते गणित मांडून, घटाची भीती बाळगून आणि जुन्या यंत्राचा मान राखून करावे, एवढीच अपेक्षा.